होडी रस्त्यानं नेताना

दादांचं म्हणणं होतं, होडीचं तोंड वर असलं पाहिजे. माझं म्हणणं होतं, ट्रेलर सपाट असला पाहिजे. एवढ्या दोन वाक्यांवर आमच्या घरात अख्खा उन्हाळा निघाला असता, पण होडी हलवायला तेवढी सवड नव्हती.

दादा म्हणजे माझे सासरे. भिवंडीतल्या एका सरकारी कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले. सोमवार ते शनिवार इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेन, रविवारी हाफ पॅन्ट आणि खाडी. त्यांचं गाव मानकोलीच्या बाजूला, खाडीला लागून. आम्ही शहरात फ्लॅटमध्ये आलो, पण होडी गावातच राहिली. दादांची भाषाही तशीच दोन ठिकाणी राहते. कचेरीचा विषय असला की बोलणं शुद्ध, अगदी ‘सदरहू’पर्यंत जाणारं. खाडीचा विषय निघाला की ते होडीला ‘होरी’ म्हणतात आणि ‘आहे-नाही’चं ‘हाय-न्हाय’ होतं. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते, त्यामुळे मला एकच भाषा येते.

होडी लहानशी, चार माणसं बसतील एवढी. ज्या सुतारानं ती बांधली तो केव्हाच गेला आणि त्या कामाचा माणूस आता आसपास उरलेला नाही. दारं-खिडक्या करणारे पुष्कळ आहेत. दर वर्षी दादा तिच्या फळ्यांच्या सांध्यांत लूमच्या कारखान्यातलं टाकाऊ सूत ठासायचे आणि वरून डांबर फिरवायचे. भिवंडीचं सूत कुठं कुठं जातं, याचा अभ्यास कुणी केला तर त्यात आमच्या होडीचा एक परिच्छेद यायला हरकत नाही.

गेल्या वर्षी दादांचं हृदय थकलं. हा डॉक्टरांचा शब्द. मीठ कमी, पाणी मोजून, वल्हवणं बंद, आणि रोज सकाळी उठल्यावर वजन करायचं. वजन एकाएकी वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजून फोन करायचा. त्यासाठी आम्ही पायाखाली ठेवायचा एक चपटा वजनकाटा आणला. दादा पहिल्या दिवशी त्यावर उभे राहिले, आकडा पाहिला आणि म्हणाले, “येवढी वर्सं मी पान्यात व्हतो. आता पानी माज्यात.”

होडी वर्षभर काठावर पालथी पडली.

मग काठच विकला गेला. आमचा नव्हे, आमच्याकडे विकण्यासारखा काठ कधी नव्हताच. पण ज्यांचा होता त्यांनी तो गोदामांच्या कंपनीला दिला आणि एक दिवस कंपनीचा व्यवस्थापक आमच्या घरी आला. तरुण, नम्र, बूट इतके स्वच्छ की तो खाडीकाठी काम करतो यावर विश्वास बसेना. त्यानं हातातल्या टॅबवर एक चित्र दाखवलं. काचेचं प्रवेशद्वार, पुढे हिरवळ, हिरवळीवर आमची होडी, निळ्या रंगात रंगवलेली आणि गुलाबी फुलांनी काठोकाठ भरलेली.

“सर, आम्हाला स्थानिक वारसा जपायचाय,” तो म्हणाला. “एन्ट्रन्सलाच ठेवू. लोक येतील, सेल्फी घेतील. खाली तुमच्या नावाची पाटी.”

दादांनी चित्र बराच वेळ पाहिलं. बोटानं मोठं करून पाहिलं.

“हिच्यात माती भरनार?”

“हो सर. एकदम चांगल्या क्वालिटीची.”

दादा उठले आणि आतल्या खोलीत गेले. व्यवस्थापक मला हळूच म्हणाला, “सर भावुक झाले.” मी म्हणाले, “हो. तुमच्या गोदामाचं भूमिपूजन कधी आहे?” ते अकरा दिवसांवर होतं, मंडपाचं काम सुरू झालं होतं आणि कुंपणाच्या भिंतीचं त्याच्याही आधी. मी त्याला सांगितलं की होडी त्याआधी तिथून हललेली असेल. हे मी कुणाच्या जोरावर बोलले ते मला आजही माहीत नाही.

न्यायची कुठं हे ठरलेलंच होतं. दादांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावात राहतात. तिथं अजून पाण्यात उतरणारा दगडी उतार आहे आणि उताराच्या कडेला आत्याबाईंचं घर. न्यायची कशी, हा प्रश्न होता. पाण्यानं न्यावी तर आमच्या काठचं पाणी भरावामुळे लांब सरकलेलं, होडी वाळून फटी पडलेली आणि वल्हवणारे दादा घरी बसलेले. क्रेननं उचलून ट्रकवर टाकावी, असा सल्ला माझ्या नवऱ्यानं नाशिकहून फोनवर दिला. त्याची बदली नाशिकला झाल्यापासून तो सगळ्याच बाबतींत फोनवरून सल्ला देतो. दादांनी फोन माझ्या हातातून घेतला. “क्रेनचा पट्टा पोटाला आवळला की फली फुटंल. तुजी आय अशी न्हेली असती काय?” सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण दादा वादात त्यांना अजून साक्षीला बोलावतात.

ट्रेलर मिळाला वज्रेश्वरीकडे. तिथलं एक रिसॉर्ट बंद पडलं होतं. त्याच्या नावात स्वर्ग होता, आवारात रिकामा तलाव होता आणि त्या तलावातल्या पायडलच्या बोटी ओढायला आणलेला एक बुटका, दोन चाकांचा ट्रेलर शेडमध्ये उभा होता. रखवालदारानं मालकाला फोन लावला, मालकानं “न्या की, कागद आहेत त्याचे” म्हणून सांगितलं. प्रश्न असा की ट्रेलर बुटका आणि आमची गाडी उंच. नवऱ्यानं हौसेनं घेतलेली जीपसारखी दांडगी गाडी ती. तिचा उपयोग तोवर मी महाविद्यालयात जाण्यासाठी आणि सोसायटीतले लोक तिच्याकडे बघण्यासाठी करत होते. या दोघांना जोडायला असा हुक हवा होता जो खाली-वर करता येईल.

मी वाचायला बसले. मला काही येत नसलं की मी वाचते. ही सवय इतिहासात चालून जाते. पडघ्याला हायवेवर गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे, तिथं गेलो तेव्हा मला कामापुरतं कळलं होतं. दादा गाडीतच बसून राहिले. दुकानदार काळा चष्मा घालून बसला होता.

“साहेब गाडीत आहेत का?”

“सासरे आहेत. साहेब नाशिकला. मला टोइंगचा हुक हवाय.”

त्यानं एक चकचकीत वस्तू काउंटरवर ठेवली. क्रोमची, गोळ्यावर वाघाचा पंजा कोरलेला. “हे घ्या मॅडम. लुक एकदम रॉयल. बंपरला दोन बोल्ट मारले की काम झालं. मागून कुणी ठोकलं तर त्याचंच नुकसान.”

“मला ओढायचंय.”

“काय ओढायचंय?”

“होडी.”

त्यानं चष्मा काढला. “पाण्यातून?”

“रस्त्यावरून.”

मग तो खरं बोलायला लागला. आजवर त्यानं जेवढे हुक विकले, त्यातल्या एकाही गिऱ्हाइकानं कधी काही ओढल्याचं त्याला आठवत नव्हतं. लोक हुक लावतात आणि मिरवतात. मला त्याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडे कितीतरी पदं याच कामासाठी निर्माण झालेली आहेत.

बऱ्याच शोधानंतर त्यानं मागच्या खोलीतून एक काळा, ओबडधोबड, धूळ खाल्लेला हुक आणला. उभी जाड पट्टी, तिला शिडीसारखी एकाखाली एक भोकं आणि त्या भोकांत जाड पिन घालून हव्या त्या उंचीवर पक्का करायचा गोळा. पिन सुटू नये म्हणून तिला क्लिप. किती वजन ओढेल ते लोखंडातच कोरलेलं. तो आकडा आमच्या अंदाजापेक्षा चांगलाच मोठा होता. गोळ्यापाशी पुन्हा अडलं. आमच्या ट्रेलरच्या, गोळ्यावर बसणाऱ्या वाटीवर ‘५०’ असा आकडा होता, म्हणजे मिलिमीटर. तो दोन इंची गोळा देत होता.

“एकच आहे मॅडम, उन्नीस-बीस.”

एकच नव्हतं. दोन इंच म्हणजे पन्नासहून केसभर जास्त. वाटी त्या गोळ्यावर बसल्यासारखी दिसते आणि पुरती बसत नाही. अशी बसल्यासारखी दिसणारी माणसं मी बैठकांमधून पुष्कळ पाहिली आहेत, पण त्यांच्यामागे कुणी होडी बांधत नाही. मी पन्नासचाच गोळा मागवून घेतला. हुक बंपरला न लावता खालच्या चॅसीला पोलादी दांडा बसवून त्यात लावायचा, हेही ठरवून घेतलं. ट्रेलरचे दिवे गाडीच्या ब्रेकशी जोडायची वायर घेतली, दोन साखळ्या घेतल्या. साखळ्या जोडाच्या खालून एकमेकींवर फुली मारून बांधायच्या, म्हणजे हुक सुटलाच तर ट्रेलरची दांडी रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडते. हे ऐकून दादा पहिल्यांदा खूश झाले. “हां. ह्ये कुनीतरी शान्या मानसानं काढलंय.”

होडी ट्रेलरवर चढवायला गावातले सातआठ जण आले. ओंडक्यांवरून सरकवत, शिव्या आणि सूचना यांच्या साधारण सारख्या प्रमाणात, त्यांनी ती वर घेतली. खाली जुन्या गाद्या घातल्या होत्या. मग दादांनी सामान लावलं. नांगर, जाळ्याचं ओझं, डांबराचा डबा, दोरखंड, सगळं होडीच्या मागच्या टोकाला. आणि मला म्हणाले, “हुक वरच्या भोकात घाल.”

“वरच्या भोकात घातला तर ट्रेलर पुढून उचलला जाईल, दादा. मागून बसेल.”

“बसू दे. होरीचं तोंड वर पायजे. तोंड खाली गेलेली होरी बुडते.”

“पाण्यात.”

“होरी म्हनजे होरी. रस्त्यावर काय ती म्हैस व्हते?”

त्यांच्या आवाजात चिडण्यापेक्षा भीती जास्त होती. त्यांनी आयुष्यभर ती अशीच नेली होती, सामान मागे, स्वतः मागे, तोंड लाटेच्या वर. त्यांना तोंड खाली गेलेली होडी बघवत नव्हती. आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त एक चित्र होतं, होडी ट्रेलरवरून आपटली आणि सांधा उघडला तर तो पुन्हा मिटवणारं कुणी नाही. मग त्या गुलाबी फुलांनाही ती चालली नसती. शेवटी असं ठरलं की बाजूच्या जुन्या गोदामांच्या आतल्या रस्त्यानं ट्रक तोलायच्या वजनकाट्यापर्यंत जाऊन बघायचं. रविवार होता, रस्ता रिकामा होता. एरवी जिथं ट्रकांची रांग असते तिथं कुत्री झोपली होती.

पहिली काही मिनिटं ठीक गेली. मी बैलगाडीच्या वेगानं चालवत होते. सरळ रस्ता आला तेव्हा वेग किंचित वाढवला आणि स्टिअरिंग हातात हलकं झाल्यासारखं वाटलं. आरशात पाहिलं तर होडी डावीकडे झुकत होती, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे आणखी थोडी. ब्रेक मारायचा नाही, हे मी वाचलं होतं. ब्रेक मारला की मागचं पुढच्याला ढकलतं. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि गाडी आपोआप मंद होऊ दिली. होडी दोनदा आणखी डुलली आणि शांत झाली.

दादा आरशात बघत होते. त्यांच्या बाजूच्या आरशात त्यांना ती पूर्ण दिसत होती.

“शेपूट मारते,” ते म्हणाले.

मी स्टिअरिंग अजून सरळच धरलं होतं.

“मागून लाट आली की अशीच शेपूट मारते. तवा वल्हं दाबून धरायचं.” त्यांनी उजवा हात मांडीजवळ नेला, खरोखरच काहीतरी दाबून धरल्यासारखा. मग त्या हाताकडे पाहिलं. “खाडीत मागं वजन ठेवतो तवा मागं मी असतो गो. वल्हं हातात असतं. हितं मागं कोन हाय?”

मागे कुणीच नव्हतं. ते माझ्या शेजारी पट्टा लावून बसले होते, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन.

वजनकाट्यावर खिडकीतल्या माणसानं संगणकातून मान वर न करता विचारलं, “माल?”

“होडी,” मी म्हणाले.

“माल काय टाकू? सूत, कापड, सळई, सिमेंट, भंगार.”

“होडी आहे हो.”

“होडी येत नाय याच्यात. भंगार टाकतो.”

दादांनी खिडकीची काच खाली केली. “भंगार टाकलंस तर तुज्या काट्यावर नांगर टाकीन.”

त्या माणसानं मान वर केली, गाडीमागचं प्रकरण पाहिलं आणि हसला. “इतर टाकू का, काका?”

“इतर टाक,” दादा म्हणाले. कारकुनाला ‘इतर’ या रकान्याचा मान माहीत असतो.

पावतीवरचं ट्रेलरचं वजन हुकाच्या ताकदीच्या पुष्कळ आत होतं, ती काळजी मिटली. येताना मी पुन्हा बैलगाडी केली. होडी काठावर परत लावून घरी येताना दादा लिफ्टमध्ये म्हणाले, “सामान पुढं घेऊ. हुक तुला पायजे तिथं घाल. पन तोंड...” आणि थांबले. वाक्य पुरं करायला लिफ्टला मजले कमी पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातला वजनकाटा शोधत होते तर तो दादांच्या हातात. त्यांचं वजन करून झालं होतं. कापडी पिशवीत त्यांनी आणखी काहीतरी घेतलं होतं. गावात गेल्यावर त्यांनी नांगर आणि जाळं स्वतः पुढे आणायचा प्रयत्न केला, मी ओरडले, मग शेजाऱ्यांनी ते काम केलं. दादांनी जागा दाखवल्या. “तिकडं. आनखी पुढं. हां, आता बांध.” मी तोवर हुक उतरवत होते. आधी सगळं सामान चढवून, ट्रेलर जोडून, मग उंची बघायची असते. वजन आलं की गाडी मागून बसते आणि रिकाम्या गाडीचं माप खोटं ठरतं. एक भोक खाली घेतलं, तरी पुढून उंच. आणखी एक खाली घेतलं. ट्रेलरच्या दांडीवर पाण्याची बाटली आडवी ठेवून बुडबुडा मध्ये येईपर्यंत बघितलं. आला. पिन घातली, क्लिप लावली, ओढून पाहिली.

आता राहिलं ते दांडीवरचं वजन. हुकावर एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा किंवा थोडा जास्त भार हवा. कमी असला की शेपूट मारते, फार झाला की गाडीचं पुढचं उचलतं. मोजायला आमच्याकडे डॉक्टरांचा काटा होता. ट्रेलर सोडवला, दांडी ठोकळ्यावर आणि ठोकळा काट्यावर ठेवला, आणि मी वाकून आकडा वाचला. आदल्या दिवशीच्या पावतीशी ताडून पाहिलं. बरोबर हवं तिथं.

“किती?”

मी सांगितलं.

दादा काट्यापाशी आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, पुन्हा आकडा पाहिला. “सकाली माजं एवढंच आलं.”

एवढंच आलं होतं. वर्षापूर्वी ते याच्या सव्वापट तरी असतील. मला ते त्या क्षणी लख्ख दिसलं, तो सैल पडलेला शर्ट, मनगटावर फिरणारं घड्याळ. दादांना मात्र ते वेगळं दिसलं असावं. ते बराच वेळ त्या दांडीकडे बघत राहिले आणि समाधानानं म्हणाले, “म्हनजे मी पुढं बसलोय.”

“हो. आता शेपूट मारणार नाही.”

मग त्यांनी कापडी पिशवी उघडली. आत दोन पाट होते. आमच्याकडे आता कुणी पाटावर बसत नाही. गुडघे टेबल-खुर्चीचे झालेत. पण दादा आणि सासूबाई शेजारी शेजारी बसून जेवायचे ते हे दोन पाट. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना त्यावर जेवताना पाहिलं होतं. दोघंही जेवताना फार भांडत.

“होरी वाईच उचला,” दादांनी शेजाऱ्यांना सांगितलं. चौघांनी पुढचं टोक उचललं. दादांनी एकावर एक पाट ठेवले, वर गादीची घडी घातली, होडी खाली टेकवली. ट्रेलर सपाट राहिला. होडीचं तोंड दोन पाटांएवढं वर झालं. मी दोन्ही बाजूंनी पट्टे आवळले, काटा पुन्हा लावून पाहिला. आकडा जवळजवळ हलला नव्हता.

“आता बघ,” दादा म्हणाले. “आता होरी वाटते.”

मी कुठल्याही लेखात पाटाचा उल्लेख वाचलेला नव्हता. तरी मला त्यात काही चूक सापडली नाही आणि खरं सांगायचं तर शोधावीशीही वाटली नाही.

निघालो ते सकाळीच, भरतीच्या वेळेआधी पोचायचं होतं. मंडपवाले भूमिपूजनाच्या कमानीला झालर लावत होते. आमची होडी त्या कमानीखालूनच बाहेर पडली, कारण रस्ताच तेवढा उरला होता. कमानीवर मान्यवरांचे फोटो होते, सगळे हात जोडून. दादांनीही खिडकीतून हात जोडले. गमतीनं की सवयीनं, ते मी विचारलं नाही.

रस्ता कसा होता ते सांगत नाही, भिवंडीचा होता. प्रत्येक गतिरोधकापाशी मी जवळजवळ थांबत होते आणि आधी गाडीची चाकं, मग ट्रेलरची, अशी हळूहळू पार करत होते. मागे भोंगे वाजत. वळणावर ट्रेलर आतल्या बाजूनं कापतो म्हणून मी गाडी बाहेर बाहेर ठेवत होते. दर थोड्या वेळानं थांबून पिन, साखळ्या, पट्टे बघत होते आणि चाकाला हात लावून ते तापलंय का ते बघत होते. एका सिग्नलला शेजारच्या ट्रकवाल्यानं वाकून विचारलं, “चाचा, समंदर किधर है?” दादा म्हणाले, “पीछे आ रहा है.” होडी आरशात शहाण्यासारखी सरळ येत होती. मी नजर वर केली की दादाही आरशातच बघत असलेले दिसायचे.

आत्याबाई उतारावर उभ्याच होत्या. दादांपेक्षा मोठ्या, काटक, पदर खोचलेला. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग होडीकडे, आणि आधी होडीची चौकशी केली. “भेगाललीय रं.”

“वरीसभर उनात व्हती.”

“आन तू?”

“मी सावलीत व्हतो.”

पुढे जायला मी शिकले होते. मागे यायला नाही. ट्रेलर उतारावरून पाण्यात मागे घ्यायचा होता आणि मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे निघायचा. घाईनं सुधारायला जावं तर चाकूसारखा दुमडायचा. पुढे घे, सरळ कर, पुन्हा मागे. उताराच्या कडेला एक वड आहे. ट्रेलरला त्या वडाची ओढ लागली होती.

“अगो सूनबाय,” आत्याबाई ओरडल्या, “होरी पान्यात घालाची हाय, वडाला बांधाची न्हाय!”

दादा तोवर खाली उतरले होते. ते माझ्या खिडकीपाशी आले, काचेवर हात ठेवला. “गाडी इसर. सुकानू धरलंय असं समज. सुकानूचा दांडा इकडं केला की होरी तिकडं जाते. तसंच हाय हे. हलू. मी सांगतो तिकडं.”

मी कधी सुकाणू धरलेलं नव्हतं. पण ते धरलेला माणूस शेजारी चालत होता. “डावं. थोडं. सोड. आता उजवं... बास, बास. तिला येऊ दे.” त्यांचा हात काचेवरून निघाला नाही. मी आरशाकडे बघायचं सोडून त्या हाताकडे बघत चालवलं. तो दाबला गेला की थांबायचं, सैल झाला की यायचं. ट्रेलरची चाकं पाण्यात गेली, मग दांडीपर्यंत पाणी आलं. मी हँडब्रेक ओढला, आत्याबाईंनी गाडीच्या चाकांमागे दगड लावले, पट्टे सोडले आणि होडी पाटांवरून, गाद्यांवरून, जराही घाई न करता पाण्यात उतरली.

आणि लगेच गळायला लागली.

मला रडू आलं. सांध्यांमधून पाण्याच्या बारीक रेषा आत येत होत्या, एक, दोन, मग सगळीकडून. तळाशी पाणी साचायला लागलं. एवढा हुक, एवढा काटा, एवढं सगळं करून ती काठावरच बुडणार होती.

“दादा, पाणी येतंय.”

“येऊ दे. पिऊ दे तिला. तहानलीय.”

“पण...”

“लाकूड फुगतं गो. वरसाची तहान हाय. पिली की आपोआप मिटतं. मोडली असती तर एका जागंतून धार लागली असती. बघ, कुटं धार हाय?”

मी पाहिलं. धार कुठंच नव्हती. सगळीकडून सारखंच, घाम फुटल्यासारखं पाणी येत होतं. म्हणजे रस्त्यात एकही फळी उघडली नव्हती. दादांनी ते एका नजरेत पाहिलं होतं आणि त्यांचे डोळे माझ्यापेक्षा आधीच भरले होते. ते त्यांनी खाडीच्या वाऱ्यावर ढकललं.

आम्ही तीन दिवस आत्याबाईंकडे राहिलो. मी रजा टाकली. दर भरतीला होडी कमी गळायची आणि आत्याबाई डब्यानं पाणी उपसून टाकायच्या. दादा दारात बसून दोन्हीकडे लक्ष ठेवायचे, सकाळी स्वतःच्या आकड्याकडे आणि दिवसभर तिच्या तळाकडे. “तिला पानी चढतंय, मला उतरतंय,” असं एकदा म्हणाले. डॉक्टरांना फोन केला तेव्हा डॉक्टर म्हणाले, वल्हवायचं नाही. बसायचं का, हे आम्ही विचारलं नाही, म्हणजे ते नाही म्हणालेही नाहीत. नवरा नाशिकहून म्हणाला, “दोर सोडू नकोस.”

दोर सोडला नाही. होडी उताराच्या कडीला बांधलेली होती, भरती पूर्ण आलेली, तळ कोरडा. आत्याबाईंनी आणि मी दादांना दोन्ही बाजूंनी धरून आत उतरवलं. ते मागच्या टोकाला जाऊन बसले, त्यांच्या जागेवर. मी पाय सांभाळत आत आले आणि पुढच्या टोकाला जायला निघाले, तिकडून सगळी खाडी दिसते.

“तिकडं न्हाय,” दादा म्हणाले. “तोंड खाली जाईल. ह्यो काय रस्ता हाय?”

त्यांनी शेजारी थोडी जागा केली. काठावरून आत्याबाईंनी एक पाट हातात दिला. मी तो ठेवला आणि त्यांच्याजवळ मागे बसले, आणि होडीनं पुढून आपलं तोंड जरासं वर केलं.